एलडीएलचा ताळा

रिपोर्टमध्ये एलडीएलसमोर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलसमोर, १६० दिसलं तेव्हा मी आधी वही काढली. निवृत्त झालो तरी गणिताच्या मास्तराची ताळा करायची खोड जात नाही. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, सूत्रानं काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा भाग वजा. २३८ वजा ४२ वजा ३६. बरोबर १६०. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र चालत नाही.)

आम्ही मिरजेत. इथं डॉक्टरांना काय तोटा? पण लेकीचा विश्वास पुण्यातल्या डॉक्टरांवर. लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन रक्त नेतो, संध्याकाळी पीडीएफ, मग व्हिडिओ कॉल. तिसऱ्या चौकटीत लेक, म्हणजे मी काही लपवायला नको.

मेहुणा बोटाच्या थेंबावर चालणारं मशीन आणतो म्हणत होता. डॉक्टरांनीच थांबवलं. कोलेस्टेरॉलच्या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात. रोज बोट टोचून काय हाती लागणार? घरी मोजायचं ते बीपी: पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला. गप्प बसणं जड जातं.

आणि तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे आम्हा दोघांना एक पिशवी. ती फोडली की मी तारीख लिहून ठेवतो. "अहो, संकष्टीच्या तळणीच्या मोदकांचं तेल कुणाच्या खात्यात?" हिचा प्रश्न. उत्तर अजून दिलेलं नाही.

२० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वास्टॅटिन (माझी गोळी, स्टॅटिन गटातली) आणि या पिशवीच्या जोरावर एलडीएल ८८ वर आलं. मी खूश, डॉक्टर नाहीत. बीपी असल्यामुळे त्यांना ७० च्या खाली हवं. मी म्हटलं, मग डोस दुप्पट करा. तिथं माझं त्रैराशिक चुकलं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं! म्हणून त्यांनी सोबत एझेटिमाइब दिली. ती आतड्यातूनच कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. वेगळ्या दारानं काम, त्यामुळे फरकही जास्त.

आता पुढचं रक्त दिवाळीआधी द्यायचं की नंतर, यावर घरात एकमत नाही. ही म्हणते आधी. लेक म्हणते नंतर, खरं काय ते कळू दे.