राउंडला काय विचारायचं, वहीत काय लिहायचं

कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय असो वा राजारामपुरीतला खासगी दवाखाना, निरोपांचा घोळ हमखास होतो तो पाळी बदलताना. त्यात चंदगड-गडहिंग्लजकडून आलेले नातेवाईकही दोन दिवसांनी बदलतात. डॉक्टर काय म्हणाले हे मग कुणालाच धड सांगता येत नाही.

उशाशी एक वही ठेवा. पहिल्या पानावर अ‍ॅलर्जी आणि घरी चालू असलेल्या गोळ्या, मिलिग्रॅमसकट. ‘बीपीची पांढरी गोळी’ सांगून भागत नाही, पाकीटच आणा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आवर्जून सांगा. ती परस्पर बंद करू नका.

राउंड दोन-चार मिनिटांत उरकतो. म्हणून प्रश्न तीनच: निदान काय, आज काय बदललं, आता कशाची वाट बघतोय? उत्तर आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. गैरसमज तिथंच कळतो.

सगळ्यात घातक निरोप म्हणजे ‘उपाशी ठेवा’. किती वाजेपर्यंत? पाणीही बंद? सकाळच्या गोळ्यांचं काय? ऑपरेशन पुढं ढकललं आणि वॉर्डात कुणी कळवलंच नाही, तर इन्सुलिन घेतलेल्या पेशंटची साखर उतरते. घाम, थरथर, बरळणं दिसलं की लगेच साखर तपासायला लावा.

सलाईनची जागा लाल झाली, सुजली तर सिस्टरला सांगा आणि सांगितल्याची वेळ वहीत टिपा.

केसपेपरच्या प्रती हव्यात? लेखी अर्ज द्या, पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार त्या 72 तासांत द्याव्या लागतात.