वारा सरला का?

माणसाच्या आयुष्यात पादल्याबद्दल कौतुक होण्याचा काळ फार थोडा असतो. जेमतेम तीन-चार महिने. पुढे तीच गोष्ट भावंडांनी एकमेकांवर ढकलायची होते, आणि आमच्या वयात तर ऐकूच न आल्यासारखं करायची. पण त्या पहिल्या महिन्यांत चार शिकलीसवरली माणसं श्वास रोखून एका ओंजळभर पोटाकडे बघत बसतात, आणि 'टुर्र' झालं की "सरला, सरला!" असं स्वयंपाकघरापर्यंत ओरडून सांगतात. स्वयंपाकघरातून लगेच प्रश्न येतो, "मोठा होता का?"

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे मिरजेला आली, तेव्हा हे सगळं पहिल्यांदा जवळून बघायला मिळालं. तिच्या वेळी बाळंतिणीची खोली बायकांची, आणि आम्ही ओसरीवर पेपर वाचायचे. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ओसरी आणायची कुठून? शिवाय जावईबापू बंगळुरूला, शनिवार-रविवारचे पाहुणे. त्यामुळे घरातला एकमेव रिकामा पुरुष म्हणून मी आपोआप कामाला लागलो.

पहिले दोनेक आठवडे बाळ नुसतं झोपायचं. आजोबांवर गेलंय, असं सगळे म्हणाले. मग दिवेलागणीचा कार्यक्रम सुरू झाला. आमच्या गावात तंबोरे करणाऱ्यांची अख्खी गल्ली आहे. त्यांचा तंबोरा आणि आमचा नातू यांत फरक एवढाच, की तंबोऱ्याचा सूर खुंटी पिळून खाली आणता येतो. मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद, पाय पोटाशी ओढून घेतलेले, आणि मग एकदम काठीसारखा ताठ. पोट टम्म. दूध पाजलेलं, लंगोट कोरडा, मुंगी-डास काही नाही, तरी रडणं थांबेना.

"पोटात वारा धरलाय," मालिशवाल्या मावशींनी निदान केलं. बाळाला पायावर उताणं घालून त्यांनी पोटावर दोन बोटं टेकवली, इतकंच.

मग हिंग आला. आम्ही वरणात घालतो तो पुडीतला नाही, खड्याचा. मावशींनी वाटीत कोमट पाण्याचे चार थेंब घेतले, खडा घासून पातळ लेप केला आणि करंगळीने बेंबीभोवती गोल फिरवला. बेंबीत नाही, भोवती. आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटं का नाही, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "काका, उलटं फिरवत नसतात." पुढे लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मोठं आतडं पोटात उजवीकडून वर चढतं, आडवं जातं आणि डावीकडून खाली उतरतं, म्हणजे समोरून बघितलं तर घड्याळाच्याच दिशेने. हवा पुढे ढकलायची तर हात तसाच फिरायला हवा. हिंगापेक्षा फिरवणंच कामाचं, आणि कातडी लाल झाली तर हिंग बंद, असंही म्हणाले. मावशींना हे सांगितल्यावर त्यांना नवल वाटलं नाही. डॉक्टरला एवढं ठाऊक असणारच, असा त्यांचा चेहरा होता.

तो हिंगाचा खडा बघून मला मात्र मौज वाटायची. हे झाड अफगाणिस्तान-इराणकडच्या कोरड्या डोंगरातलं. आपल्याकडे त्याची रोपं लावायला सुरुवात झाली ती 2020 साली, हिमाचलमधल्या लाहौलच्या थंडीत. तोवर इथल्या प्रत्येक बेंबीवरचा हिंग आयात केलेला. रात्री नातवाला खांद्यावर घेतलं की नाकात पावडरीचा, दुधाचा आणि फोडणीचा असा तिहेरी वास जायचा, आणि जेवण झालेलं असूनही भूक लागायची.

आमच्या हिचा भर ओव्यावर. जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात मूठभर ओवा बांधून पुरचुंडी करायची, तव्यावर धरायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग बाळाच्या पोटावर टेकवत टेकवत शेक द्यायचा. गालाला सोसेल तेवढंच बाळाला, हा तिचा थर्मामीटर. विहीणबाई व्हिडिओ कॉलवरून सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडे ना, विड्याच्या पानाला एरंडेल लावून ते गरम करतात." की इकडे ही कॅमेऱ्याच्या बाहेर बघत "हो का?" म्हणायची. ते 'हो का' मी चाळीस वर्षं ओळखून आहे.

बाळंतिणीच्या ताटावरही वाऱ्याचा पहारा होता. हरभऱ्याची डाळ नको, वाटाणा नको, वांगं नको, पावट्याचं तर नावच नको. सगळं वातूळ. मुलीला भर हुरड्या-पावट्याच्या दिवसांत दुधी आणि शेपू. एके दिवशी तिने डॉक्टरांसमोरच आईला उभं केलं. आईच्या आतड्यातला गॅस रक्तात आणि रक्तातून दुधात जात नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काही थोड्या बाळांना आईने प्यायलेल्या गाईम्हशीच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही, ते वेगळं, आणि ते तपासून ठरवायचं. घरी येताना रिक्षात ही गप्प होती. रात्री ताटात पावट्याची उसळ आली. वाटीत मोजून चार चमचे. निकाल मान्य, पण अपील राखून.

खरं युद्ध झालं ते सहाणेवरून. हिने माळ्यावरून सहाण काढली, धुतली, आणि गुटीची पिशवी उघडली. वेखंड, हिरडा, जायफळ, सुंठ, हळकुंड, बदाम, खारीक आणि मुरुडशेंग. ही शेंग मला लहानपणापासून आवडते. मळसूत्रासारखी पीळ पडलेली, करंगळीएवढी. पोटात पीळ पडला की पीळ पडलेली शेंग, असा सरळ हिशेब. प्रत्येकाचे वेढे ठरलेले, सहाणेवर कशाचे किती वेढे द्यायचे ते बाळाच्या वयावर. हे पाठ असणाऱ्या बायका आता कमी होत चालल्यात, याचं मला वाईट वाटतं. पण मुलीच्या हातात डॉक्टरांचा कागद होता: सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उगाळताना सहाणेवरचे जंतू पोटात जातात आणि मात्रेचा नेम राहत नाही, हे तिचं म्हणणं. "तू काय हवेवर वाढलीस?" हे आईचं. या वादात मी मुलीच्या बाजूने होतो. पण तोंडाने बोललो नाही. सहाण चटणी वाटायच्या पाट्याशेजारी ठेवली गेली आणि पिशवीला दोरी बसली.

गुटी नाही तर ग्राइप वॉटर तरी, म्हणून ही औषधांच्या दुकानातून बाटली घेऊन आली. त्यालाही बंदी. मी त्या बाटलीचा इतिहास शोधत बसलो, कारण नातू खांद्यावर झोपला की हलता येत नाही आणि एक हात मोबाइलला मोकळा राहतो. 1851 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने ते तयार केलं. बडीशेपेसारख्या वासाचं तेल, खायचा सोडा, साखर, पाणी आणि 3.6 टक्के अल्कोहोल. हे अल्कोहोल तिकडे 1992 पर्यंत टिकून होतं. विलायतेतल्या इतक्या पिढ्यांची बाळं गुणी का निपजली, याचा मला उलगडा झाला. आणि ते तेल कशाचं? शेपूच्या बियांचं. म्हणजे आमची ही जेवणानंतर मुलीच्या हातावर ज्या भाजलेल्या बाळंतशेपा ठेवत होती, त्याच. बाटली दाराबाहेर गेली तरी शेपू ताटात आणि तळहातावर होताच.

डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने 1954 साली अशा रडण्याची व्याख्या केली. बाळ एरवी ठणठणीत, पण दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडतंय, तर ते हे. आपल्याकडे 'तीन तिगाडा काम बिगाडा' म्हणतात, ते अमेरिकेतही पोहोचलेलं दिसतं. साधारण सहाव्या आठवड्यात रडणं कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. गंमत अशी, की गॅसमुळे बाळ रडतं म्हणावं तर रडताना ते आणखी हवा गिळतं. सुरुवात कुठून झाली हे सापडत नाही. मात्र हिरवी उलटी, ताप, शीतून रक्त, दूध सोडणं किंवा मलूल पडणं यातलं काहीही दिसलं तर हिंगबिंग करत बसायचं नाही, तडक दवाखाना. हा कागद फ्रिजवर अजून लावलेला आहे.

माझ्या वाट्याला आलं ते ढेकर काढायचं खातं. दूध पिऊन झालं की बाळ माझ्याकडे. खांद्यावर जुनं दुपटं, त्यावर हनुवटी, एक हात ढुंगणाखाली, दुसऱ्याचा तळवा पोकळ करून पाठीवर खालून वर. थापट्या नाहीत, नुसत्या टपल्या. घाई केली की ढेकरेबरोबर दूधही येतं आणि सदरा बदलावा लागतो. मुलीने मोबाइलवर बघून आणखी एक पद्धत शिकवली: बाळाला आपल्या हातावर पालथं घ्यायचं, डोकं कोपराच्या वळणाशी, पोट मनगटाच्या वरच्या हाडावर, हातपाय दोन्ही बाजूंना लोंबते. याला म्हणे 'झाडावरचा वाघ' म्हणतात. झोपवायचं मात्र पाठीवरच. हातावर पालथा असताना आमचा वाघ गॅलरीतून खालच्या रिक्षांकडे बघायचा. जंक्शनवरून इंजिनाचा भोंगा ऐकू आला की रडं अर्ध्यावर थांबायचं, भुवया वर जायच्या, आणि गाडी लांब गेली की पुढचं कडवं सुरू. मी गाड्यांची वेळापत्रकं बघायला लागलो होतो.

शेक, लेप, सायकल चालवल्यासारखे पाय हलवणं, यातलं काय किती लागू पडतं यावर मी डॉक्टरांशी हुज्जत घातली नाही. रडणाऱ्या बाळासमोर रिकाम्या हाताने बसणं माणसाला जमत नाही, आणि ओवा तव्यावर गरम करायला जी पाच मिनिटं लागतात, तेवढी बाळंतिणीला डोळे मिटायला मिळतात. शिवाय दोघी-तिघींनी मिळून करायचं ते काम असतं. त्या पुरचुंडीच्या निमित्ताने पावट्यावरून झालेला अबोला सुटलेला मी पाहिलाय.

चौथा महिना लागला आणि संध्याकाळचं रडणं थांबलं. कोणी जाहीर केलं नाही. टीव्हीवरच्या बातम्या ऐकू यायला लागल्या तेव्हा कळलं. त्यावर मावशींनी हिंगाचं नाव घेतलं, हिने ओव्याचं. विहीणबाईंनी फोनवरून एरंडेलाची आठवण करून दिली, कारण मधल्या काळात ते पान एकदा गुपचूप लावून झालं होतं. डॉक्टर म्हणाले, वय. माझं खांद्याचं खातं कुणीच मोजलं नाही.

नातू अजूनही पादतो, चांगलं दणकून पादतो, पण आता कुणी स्वयंपाकघराला कळवत नाही. परवापासून लाळ गळायला लागलीय आणि थोडी किरकिर आहे. दात येतायत, असं घरात ठरलंय. दोरी सोडून गुटीची पिशवी पुन्हा खाली आलीय, आणि विहीणबाईंचा फोन यायचा आहे.