सी वाली कावीळ, गॅसची गोळी आणि मामींचा काढा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात लिव्हरचं काहीही निघालं की लोक म्हणतात कावीळ झालीया, आणि कावीळ म्हटलं की अमक्या गावात उपाशीपोटी पाला वाटून देतात तिकडं जा. मला हेपटायटीस सी निघाल्यावर निम्म्या पाहुण्यांनी हेच सांगितलं. माझे डोळे कधी पिवळे झालेच नव्हते हो, ऑपरेशनच्या आधीच्या रक्ततपासणीत कळलं. हा व्हायरस वर्षानुवर्षं गप बसून लिव्हर खराब करतो, बहुतेकांना काही जाणवतच नाही.

पण ह्यावर आज पक्कं औषध आहे. सोफोसबुवीर आणि सोबत डॅक्लाटासवीर नाहीतर वेल्पाटासवीर, रोजच्या गोळ्या, बहुतेकांना १२ आठवडे, आणि बहुतेक सगळे बरे होतात. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ती फुकटही मिळतात. म्हणून मला ह्या औषधाची भीती नाही, भीती आहे ती आपण ज्याला औषध मानतच नाही त्याची.

गॅसची गोळीच घ्या. मटणाचा रस्सा हाणला की पँटोप्राझोल, आमच्याकडं ते चॉकलेटसारखं खातात. पण वेल्पाटासवीर चालू असताना ती घेतली तर पोटातलं अ‍ॅसिड कमी होतं आणि औषध नीट रक्तात उतरतच नाही. फिटची आणि टीबीची काही औषधं तर ह्या गोळ्यांचा जोरच काढून घेतात, आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुवीरसोबत ठोके धोकादायक मंदावू शकतात, तेव्हा बीपी-शुगरसकट सगळ्या गोळ्यांची पिशवीच उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ओतायची, लाजायचं काय त्यात. हेपटायटीस बी ची तपासणीपण आधी करून घ्यायची, कारण सी जाताना दडून बसलेला बी उसळू शकतो.

मग पाठदुखी. शेतात राबून कंबर धरली की मेडिकलमधनं कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या, त्यात काय असतंय देव जाणे. सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलेल्यांना डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किडनीला आणि पोटाला महागात पडतात. पॅरासिटामॉल त्या मानानं बरी, पण तीही दिवसाला २ ग्रॅमच्या आतच ठेवायला सांगतात, म्हणजे ६५० च्या तीन गोळ्यांत कोटा संपला, आणि सर्दीच्या गोळीत तीच लपलेली असते ते वेगळंच.

मामींनी प्रेमानं गुळवेलीचा काढा पाठवला होता. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, सरकारच्या आयुष मंत्रालयानं ते मानलं नाही. त्यांचं त्यांनी बघावं, मी काढा झाडाला घातला. मामींना सांगितलं नाही.

दारू बंद, चोर्ला घाटाच्या पलीकडं गोव्यात गेलं तरी बंद, बिअरसुद्धा दारूच की. आमचा बेळगावी गोड कुंदा थोडका, कारण वजन वाढून लिव्हरवर चरबी चढली की आणखी भर. कॉफी मात्र चालते, उलट लिव्हरला चांगली असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यामुळं आमचे कानडी शेजारी खूश.

घरात ताट, वाटी, मिठी कशानंही हा पसरत नाही, उगाच माझा तांब्या वेगळा करू नका. हा रक्तातनं पसरतो, म्हणून रेझर, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश मात्र ज्याचं त्याचं. औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस उरलाय का, ते बघतात, तोच खरा निकाल, कारण अँटीबॉडी टेस्ट पुढंही पॉझिटिव्हच येत राहते. बरं झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते, म्हणून सलूनवाल्याला ब्लेड समोर बदलायला लावायचं आणि जत्रेत एकाच सुईनं गोंदवणाऱ्यापासून चार हात लांब.