रोनित एल्काबेत्झ: आधी कोणता चित्रपट पाहावा?

इस्रायली अभिनेत्री-दिग्दर्शिका रोनित एल्काबेत्झ म्हटलं की सगळे थेट 2014 चा 'गेट' हा घटस्फोटाच्या खटल्यावरचा चित्रपट सुचवतात. तिथून सुरुवात केली की एक घोटाळा होतो. त्यातला नवरा नुसता हट्टी खलनायक वाटतो आणि त्याची बायको व्हिव्हियान (म्हणजे रोनितच) नुसती बिचारी. दोघंही तशी नाहीत. रोनितने भाऊ श्लोमीबरोबर लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या तीन चित्रपटांतला हा शेवटचा; तिन्हींत व्हिव्हियानचंच अमसालेम कुटुंब आहे. पहिला, 'टू टेक अ वाइफ' (2004), 1979 सालच्या हैफातल्या घरात घडतो. दुसरा 'शिवा' (2008) 1991 च्या आखाती युद्धातला: सात दिवसांचं सुतक, एका छताखाली सगळा गोतावळा आणि हाताशी गॅस मास्क. पहिल्यात व्हिव्हियान ओरडते, रडते, अंगावर धावून जाते. ते पाहिलेलं असलं तरच 'गेट'मधलं तिचं गप्प बसणं कळतं.

ज्यू धर्मकायद्यात नवऱ्याने राजीखुशीने 'गेट', म्हणजे घटस्फोटाचा लेख, दिल्याशिवाय बायको मोकळी होत नाही, आणि इस्रायलमध्ये ज्यूंसाठी नागरी घटस्फोटाची सोय नाही; प्रकरण रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयातच जातं. लेख त्याच जोडप्यासाठी हाताने लिहिलेला लागतो, बारा ओळींचा. दोन साक्षीदार लागतात. नवऱ्याने तो बायकोच्या ओंजळीत ठेवून 'आता तू कोणाही पुरुषाला मोकळी' अशा अर्थाचं वाक्य म्हणायचं. चित्रपटातलं प्रकरण पाच वर्षं चालतं, आणि कॅमेरा न्यायालयाची खोली व बाहेरची बसायची जागा सोडत नाही. एक नियम मात्र कडक पाळलेला आहे: कॅमेरा कायम खोलीतल्या कुणाच्या तरी नजरेच्या जागी असतो. त्यामुळे सुरुवातीला पुरुष तिच्याबद्दल बोलत राहतात आणि ती दिसतच नाही, कारण तिच्याकडे कोणी बघतच नाहीये! पुढे ती केस मोकळे सोडते तेव्हा रब्बी खवळतात. इतक्या साध्या हालचालीला एवढं वजन येतं, कारण तोवर तिने जवळजवळ हालचालच केलेली नसते.

रब्बींच्या या अधिकाराची झळ आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल ज्यू मंडळींनाही बसली होती. इतर ज्यूंशी लग्न करायचं तर त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असा रब्बींचा फतवा होता. 1964 च्या आंदोलनानंतर तो फतवा बदलला.

रोनितचा जन्मही 1964 चाच, बीरशेबाचा. आईवडील मोरोक्कोहून आलेले. सुरुवातीला अभिनयाचं रीतसर शिक्षण नव्हतं. मॉडेलिंग करता करता 1990 मध्ये ती पडद्यावर आली. 'श्खुर' (1994), 'लेट मॅरेज' (2001) आणि 'द बँड्स व्हिजिट' (2007) या तिन्हींसाठी ओफिर पुरस्कार, म्हणजे इस्रायलचा सर्वोच्च चित्रपट-सन्मान. मधल्या काळात पॅरिसला जाऊन फ्रेंच नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नुशकीनच्या नाट्यसंस्थेत शिकली.

'लेट मॅरेज'मधला तिच्या घरावर धाड घालण्याचा प्रसंग दोनदा पाहावा. प्रियकराचे जॉर्जियन नातेवाईक घरात घुसतात. पहिल्यांदा लक्ष त्यांच्याकडेच जातं. दुसऱ्यांदा फक्त तिच्याकडे बघा. प्रियकराची आई झाली आहे ती दिग्दर्शकाचीच खरी आई, हेही जाता जाता.

'द बँड्स व्हिजिट' सगळ्यात सोपा, त्यामुळे घरच्यांबरोबर बसून पाहायचा तर हाच. वाट चुकलेल्या इजिप्शियन पोलीस बँडला आसरा देणारी उपाहारगृहवाली दिना म्हणजे रोनित. संवाद निम्म्याहून जास्त इंग्रजीत भरले म्हणून परभाषिक ऑस्करच्या शर्यतीतून तो बाद झाला. पण दिना आणि बँडप्रमुख या दोघांचीही मोडकीतोडकी इंग्रजी हाच तर त्याचा जीव! बँडप्रमुख झालेला सॅसन गबाई पुढे 'गेट'मध्ये नवऱ्याचा भाऊ होऊन, त्याची बाजू मांडत, तिच्यासमोर उभा राहतो.

आणि डब केलेली आवृत्ती अजिबात नको. त्या तीन चित्रपटांतलं अमसालेम कुटुंब हिब्रू, फ्रेंच आणि मोरोक्कन अरबी यांच्यात सतत ये-जा करतं. भांडण कुठल्या भाषेत चाललंय यावरून ते कुणाच्या कानासाठी आहे हे समजतं. डबिंगमध्ये ते सगळं सपाट होतं. 'गेट' हा तिने दिग्दर्शित केलेला शेवटचा चित्रपट. एप्रिल 2016 मध्ये कर्करोगाने ती गेली, तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती.