ग्रीक भक्तमंडळे आणि त्यांची दफनभूमी

इटलीच्या किनाऱ्यावरील कुमाए या ग्रीक वसाहतीत इ.स.पू. पाचव्या शतकातील एक कोरीव दगड सापडला आहे. त्यावरच्या मजकुराचा आशय असा, की ज्याने बाखसची, म्हणजे मद्याचा देव डायोनायसस याची, दीक्षा घेतलेली नाही, त्याने येथे चिरविश्रांती घेणे धर्मसंमत नाही. म्हणजे या भक्तांनी जमिनीचा एक तुकडा स्वतःसाठी राखून ठेवला होता आणि तेथे जागा मिळण्यासाठी कूळ नव्हे, तर दीक्षा पाहिली जात होती.

ही गोष्ट किती वेगळी होती, हे समजण्यासाठी ग्रीक घराण्यांची रीत लक्षात घ्यावी लागते. मृताला माती देणे आणि नेमलेल्या दिवशी थडग्यावर तर्पण करणे हे मुलांचे कर्तव्य होते. निपुत्रिक माणूस दत्तक घेई, त्यामागेही बहुधा हीच चिंता असे. अथेन्समध्ये आर्खोनच्या, म्हणजे नगराच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या, पदासाठी निवड झालेल्या नागरिकाला त्याच्या घराण्याची थडगी आहेत का आणि ती कोठे आहेत, असे विचारले जात असे. मग ज्याचे घराणेच त्या गावात नाही, अशा परदेशी व्यापाऱ्याने, कारागिराने किंवा मुक्त झालेल्या गुलामाने काय करायचे?

त्याचे उत्तर खासगी धार्मिक मंडळांनी दिले. थियासोस, एरानोस, कोइनोन अशी त्यांची नावे. प्रत्येकाची आपली देवता, आपला खजिनदार, आपली वर्गणी आणि आपले सहभोजन असे. अथेन्सचा प्राचीन कायदेकर्ता सोलोन याचा म्हणून सांगितला जाणारा एक कायदा रोमन विधिज्ञ गायसने नोंदवला आहे. त्यात थियासोसच्या सदस्यांबरोबरच समाईक दफनभूमी असणाऱ्यांचाही उल्लेख आहे, आणि सार्वजनिक कायद्याच्या आड येत नसतील तोवर त्यांचे आपापसांतले करार वैध मानले आहेत.

पिरेयस या अथेन्सच्या बंदरातील एका थियासोसचा इ.स.पू. ३०० च्या आसपासचा नियम मला फार मोलाचा वाटतो. सदस्य मरण पावला, तर मुलाने, वडिलांनी किंवा जो कोणी सर्वांत जवळचा आप्त असेल त्याने मंडळाला कळवावे, आणि सर्वांनी अंत्ययात्रेला जावे. त्याच नियमावलीत असेही म्हटले आहे की एखाद्या सदस्यावर अन्याय झाला, तर बाकीच्यांनी त्याच्या मदतीला धावून जावे. मृत्यूनंतरची सोबत आणि जिवंतपणीचा पाठिंबा ही एकाच बांधिलकीची दोन रूपे होती.

त्याच बंदरात देवमातेच्या उपासकांचे मंडळ होते. इ.स.पू. १७८ च्या सुमारास त्यांनी आपला खजिनदार हर्माइओस याच्या सन्मानार्थ ठराव कोरून घेतला. मंडळाच्या तिजोरीत पैसा नसताना काही मृत सदस्यांच्या दफनाचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून केला, आणि तो का, हेही ठरावात आहे: मरणानंतरही त्यांची आब राहावी म्हणून. अशा मंडळांकडे केवळ अंत्यविधीच्या विम्याची सोय म्हणून पाहणाऱ्यांनी हा ठराव अवश्य वाचावा. येथे देवीची पूजा, हिशेब आणि स्नेह एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत.

जमिनीचा प्रश्न मात्र अवघड होता. अथेन्समध्ये परदेशी माणसाला विशेष परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे. सायप्रसमधील किटियनच्या व्यापाऱ्यांना अफ्रोडाइटी या देवीच्या देवळासाठी जागा हवी होती, तेव्हा इ.स.पू. ३३३ मध्ये अथेन्सच्या नागरिकसभेला ठराव करावा लागला. रोड्स बेटावर चित्र निराळे दिसते. तेथील मंडळांत परदेशी रहिवासी मोठ्या संख्येने होते आणि अनेक मंडळांची स्वतःची दफनभूमी होती. एका मंडळाने तर आपल्या स्थावर मालमत्तेची आणि दफनभूमीची खरेदीखते दगडावर कोरून लावण्याचा ठराव केला. जागेच्या हक्काविषयी कोणाला पुढे वाद घालता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू असावा. शेजारच्या कोस बेटावर मंडळांच्या दफनभूमीच्या हद्दी दाखवणारे दगड मिळाले आहेत. त्यांवर थियासोसचे नाव आहे, पण तेथे पुरलेल्या माणसांची नावे नाहीत. वैयक्तिक स्मारकांपेक्षा हे साधे हद्दीचे दगड मला अधिक बोलके वाटतात, कारण त्यांत एका समूहाने पुढच्या पिढ्यांसाठी केलेली तरतूद दिसते.

रोड्सवरच अलेक्झांड्रियाच्या डायोनिसोडोरोस नावाच्या गृहस्थाला त्याच्या मंडळाने मुकुट देऊन गौरवले, आणि तो गौरव त्याच्या मृत्यूनंतरही चालू ठेवण्याचे ठरवले. मुलानातवंडांनी करायचे स्मरण येथे मंडळाच्या पदाधिकाऱ्यांकडे सोपवलेले होते.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अथेन्सच्या इओबाखोई मंडळाने आपली नियमावली खांबावर कोरली. प्रवेशशुल्क ५० दिनार (रोमन नाणी), सदस्याच्या मुलासाठी त्याच्या निम्मे. सदस्य वारला तर ५ दिनारांपर्यंतचा पुष्पमुकुट द्यावा आणि दफनाला आलेल्यांसाठी मद्याचा एक कुंभ ठेवावा. जो आला नाही, त्याला त्यातले मद्य मिळणार नाही. डायोनायससच्या भक्तांच्या मंडळात मद्याचा वाटा नाकारणे म्हणजे सहभोजनाच्या पंगतीतून उठवणेच होते, आणि दफनाला गैरहजर राहणाऱ्यासाठी त्यांनी तीच शिक्षा निवडली.