तुम्ही विचारलंत म्हणून: पोलिसांना नीती शिकवता येते का?

मी वकिली करते आणि नव्याने भरती झालेल्या पोलिसांना कायदा व नीतिमूल्ये शिकवायला जाते. हे कळले की रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच प्रश्न येतो: "पोलिसांना नीती शिकवून काही उपयोग होतो का हो?" विचारणाऱ्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. यातलेच काही जण घरातली चेन गेली की ठाण्यात जाऊन "त्याला दोन तडाखे का देत नाही?" असे विचारतात, हे मी स्वतः ऐकले आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनचा. आणि दुखापत करून तो काढणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तडाखे मागणाऱ्यांचा वर्ग कोणी घ्यायचा?

हा राग बाजूला ठेवते, कारण प्रश्न खोटा नाही. पोलीस चुकतो तो अज्ञानामुळे, अशी पूर्वी माझी समजूत होती. म्हणून मी पोलिसांसाठीची संयुक्त राष्ट्रांची १९७९ ची आठ कलमांची आचारसंहिता आणि अटक कशी करायची याचे नियम घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा डी. के. बसू निकाल घोटून घेत असे. मुले पेपर उत्तम लिहीत.

मग एका रात्री, शिकून बाहेर पडलेल्या एका शिपायाचा फोन आला. तो ठाणे अंमलदाराचा, म्हणजे ठाण्यातल्या नोंदी ठेवणाऱ्या हवालदाराचा, मदतनीस होता. चोरीच्या संशयावरून एकाला संध्याकाळीच आणून बसवले होते. वरिष्ठांचे म्हणणे असे की अटक दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची दाखवायची, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याचे चोवीस तास तिथून मोजले जातील. अटकेच्या कागदावर नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि त्या माणसाची बायको संध्याकाळपासून बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली होती. खोटी वेळ लिहिलेल्या कागदावर तिचाच अंगठा घ्यायचा होता. "मॅडम, हे बेकायदा आहे ते मला माहीत आहे," तो म्हणाला, "साहेबांना नाही कसे म्हणायचे, ते सांगा."

माझ्या टिपणांत याचे उत्तर नव्हते. मी म्हटले, वाद घालू नकोस, माणूस किती वाजता आणला याची स्टेशन डायरीला नोंद होऊ दे; एकदा नोंद पडली की तिच्याविरुद्ध लिहिणे कोणालाही जड जाते. त्याने ते ठाणे अंमलदाराला सांगितले. निवृत्तीला आलेल्या त्या हवालदाराने माझ्यासारख्या कोणाचे व्याख्यान ऐकल्याचा संभव कमीच. पण त्याने "खरी वेळ घाल, पुढचे पुढे" म्हणत नोंद केली. माणूस वेळेत न्यायालयात गेला. त्याने चोरी केली होती की नव्हती, याचा इथे संबंध नाही.

शिपायाला कोणी काही बोलले नाही. मात्र त्यानंतर जोतिबाची यात्रा असो, विसर्जन असो की मोर्चा, प्रत्येक बंदोबस्ताच्या यादीत त्याचे नाव पहिले येऊ लागले. बदलीला कारण लिहावे लागते, बंदोबस्ताला लागत नाही. त्याच्या घरी लहान मूल होते, आणि त्याच्या पत्नीने मला फोनवर जे ऐकवले त्याला मी प्रत्युत्तर दिले नाही.

शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात गुन्हेगार ठरवलेल्या जातींना सक्तीने द्यावी लागणारी हजेरी बंद केली ती हुकमाने, व्याख्यानाने नव्हे. असा टोला मला एका निवृत्त अधिकाऱ्यांनी मारला होता. मला तो पटतो. वेळ बदलायला सांगणारा साहेब माझ्यासमोर बसत नाही, ऐकणारा शिपाई बसतो. म्हणजे मी औषध चुकीच्या रोग्याला देते. पण तसे म्हणावे, तर मग त्या रात्री फोन आला तो का? वर्ग झालाच नसता तर त्या पोराला त्या कागदात खटकण्यासारखे काही दिसले असते का? दिसले असतेही, हवालदाराला दिसलेच की. इथे माझे माझ्याशीच भांडण मिटत नाही.

आता मी कलमे थोडक्यात आटोपते आणि बराच वेळ नोंदी लिहून घेण्यात घालवते: कोण आले, कोणी आणले, किती वाजता, कोणाच्या तोंडी हुकमावरून. ही हकिकत वर्गात सांगायला त्या शिपायाने परवानगी दिली आहे, मात्र बंदोबस्ताचा भाग वगळायची अट घालून. पोरे घाबरतील, असे त्याचे म्हणणे. मी त्याला स्पष्ट कळवले आहे की तो भाग वगळायचा असेल तर मी हकिकतच सांगणार नाही. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.