जुनी दिल्ली: रिक्षाची ‘टूर’ नको, पायी फिरा

लाल किला मेट्रो स्टेशनातून वर आलात की पहिलाच माणूस सांगेल, "आज किला बंद है साहब, सफाई चल रही है." साफ खोटं. किल्ला आठवड्यातून फक्त सोमवारी बंद असतो. त्याशिवाय पंधरा ऑगस्टच्या आधी बंदोबस्तासाठी काही दिवस बंद ठेवतात, तेवढंच. आम्ही फेब्रुवारीत एका बुधवारी गेलो होतो. समोर लाहोरी दरवाजाकडे माणसं आत जाताना दिसत होती, तरी हा गडी आमच्या तोंडावर बंद म्हणून सांगत होता. उत्तर देऊ नका, सरळ चालत राहा. तिकीट ऑनलाइन काढून ठेवलं तर रांगही वाचते.

किल्ल्यात छत्ता चौकातल्या दुकानांत वेळ घालवू नका. तिथल्या पर्सेस आणि शोभेच्या वस्तू कुठेही मिळतात. नौबतखाना, दिवाण-ए-आम बघत सरळ दिवाण-ए-खासपाशी जा, आणि मराठी माणूस असाल तर तिथे थांबा. आम्हाला भेटलेल्या गाईडने छताची चांदी नादिरशहाने नेली असं ठोकून दिलं. नादिरशहाने १७३९ मध्ये नेलं ते मयूरासन. छताची चांदी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवली आणि वितळवून नाणी पाडली, सुमारे नऊ लाखांची. लाखभर तोंडं पोसायची, खजिन्यात खडखडाट, आणि पुढच्या जानेवारीत पानिपत. आता वर रंगवलेलं लाकडी छत आहे आणि दालनात पाऊल टाकता येत नाही, बाहेरूनच बघावं लागतं. तरी मी तिथून लवकर हललो नाही. याच दालनात १८५८ मध्ये बहादूरशहा जफरवर खटला चालला. इतकं सगळं एका छताखाली घडलेलं असताना गाईड दोन मिनिटांत पुढे हाकतो, याचा मला खरोखर संताप आला. गाईड करू नका. घरूनच वाचून जा.

ब्रिटिशांच्या जुन्या बराकींमध्ये २०१९ पासून संग्रहालयं आहेत. नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं चुकवू नका, ज्या किल्ल्यात त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटले चालले तिथेच ते आहे.

आता मुख्य गोष्ट. किल्ल्यातून बाहेर पडलं की पाय बोलायला लागलेले असतात आणि नेमके तेव्हाच सायकल रिक्षावाले गाठतात. "सौ रुपये में पूरा चांदनी चौक, मसाला मार्केट, जामा मस्जिद." माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, शंभरच तर आहेत, बसूया." रिक्षा पहिली थांबली ती शालींच्या दुकानापाशी. "सरकारी रेट है, देखने का पैसा नहीं." दुकानात गेलो नाही तर त्याचा चेहरा बदलला. मग दरीबा, किनारी बाजाराच्या तोंडाशी दोन-दोन मिनिटं थांबत त्याने फतेहपुरीला उतरवलं आणि हजार रुपये मागितले. म्हणे शंभर रुपये एका पॉइंटचे, तेही एका सवारीचे. पाच पॉइंट, दोन सवाऱ्या. जामा मस्जिद तर दाखवलीच नव्हती! आवाज चढल्यावर आणखी तीन रिक्षावाले भोवती जमले आणि सगळ्यांचा हिशोब एकच निघाला. शेवटी चारशेवर मिटलं. पॅडल मारणाऱ्या माणसाच्या कष्टाचे पैसे द्यायला माझी ना नाही, पण हा सरळसरळ ठरवून लावलेला सापळा आहे.

आणि यासाठी? लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा चांदनी चौकाचा रस्ता जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. २०२१ पासून तिथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारगाड्यांना बंदी आहे. लाल दगडाची रुंद फरसबंदी आहे, बसायला बाकं आहेत. वीस मिनिटांत आरामात चालून होतं. गौरीशंकर मंदिर याच रस्त्यावर लागतं, ते अप्पा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने बांधलं असं सांगतात. पुढे शीशगंज गुरुद्वारा, जिथे १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांना मारलं. त्याला लागूनच सुनहरी मस्जिद, जिथून नादिरशहाने दिल्लीकरांची कत्तल बघितली. रिक्षात बसून यातलं काहीही नीट दिसत नाही, पुढच्या रिक्षाची पाठ तेवढी दिसते. बसायचंच असेल तर टूर म्हणू नका. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचं भाडं, दोघांचं मिळून, चढण्याआधी दोनदा वदवून घ्या.

फतेहपुरीच्या पुढे खारी बावली, म्हणजे मसाल्यांचा बाजार. इथे ती फरसबंदीची चैन संपते आणि खरा त्रास सुरू होतो. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर पोती घेतलेले हमाल, सगळे एकाच अरुंद रस्त्यावर, आणि कुणीही तुमच्यासाठी थांबणार नाही. "साइड, साइड" ऐकू आलं की वळून बघत बसू नका, भिंतीला चिकटा. हातगाडीचा दांडा माझ्या पोटरीला असा लागला की रात्रीपर्यंत ठणकत होता. पाठीवरची सॅक पुढे घ्या, सँडल नको, बूट घाला. गडोदिया मार्केटच्या आवारात मिरचीची पोती फुटलेली असतात. हवेत लाल धूळ इतकी की गिऱ्हाईक, दुकानदार, हमाल सगळेच खोकतात. रुमाल ओला करून नाकाला बांधा. दमा असेल त्याने आत शिरूच नये.

एवढं सोसून तिथे जावं का? जावंच. अशी मसाल्यांची पेठ मी दुसरी पाहिलेली नाही. पण वेलची-मिरी उचलून आणू नका, ती दक्षिणेकडूनच येते, आपल्याकडेही तशीच मिळते. जर्दाळू, अंजीर, अक्रोड घ्या, शहाजिरं घ्या. पूड कसलीही घेऊ नका. आतली दुकानं घाऊक, अर्धा किलोला दाद देत नाहीत. किरकोळ खरेदी रस्त्यावरच्या दुकानांत करा आणि तीन ठिकाणी भाव विचारा. रविवारी बाजार बहुतेक बंद असतो. म्हणजे शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी टाकून जाणाऱ्यांना जुन्या दिल्लीसाठी धड एकच दिवस मिळतो, हे विमानाचं तिकीट काढतानाच बघा.

जामा मशिदीत प्रवेशाला तिकीट नाही, पण फोटोचे पैसे मागतात आणि मिनारावर चढायचं वेगळं. चपलांसाठी पिशवी घरून न्या, हातातच ठेवा. नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत राहू देत नाहीत, शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका. मिनारावर मात्र चढा. जिना अंधारा आणि अरुंद आहे, खाली येणाऱ्याला अंग चोरून वाट द्यावी लागते, पण वर पोहोचल्यावर किल्ल्याच्या लाल भिंती आणि मधली सगळी गच्च वस्ती एका नजरेत येते. मी त्या दिवशीचं सगळं भांडण तिथे विसरलो.

खाण्यात थंडीत मिळणारी दौलत की चाट खा. दुधाचा नुसता फेस, वर केशर आणि खवा, जिभेवर ठेवताच नाहीशी. पराठेवाली गल्ली माझ्या मते नावावर चालते, तळलेले पराठे जड पडतात.

हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार दोन्ही सुंदर, दोन्ही सोपे, सोमवारीही उघडे. त्यासाठी सल्ल्याची गरज नाही.

परतताना चावडी बाजार स्टेशन जवळ पडतं, पण ते फार खोल आहे आणि संध्याकाळी पिवळ्या लाइनला उभं राहायलाही जागा नसते. पाचच्या आत निघा, नाहीतर जामा मस्जिद स्टेशनवरून जांभळी लाइन पकडा.